आदर्श बालकाचा सत्कार

कोल्हापूर
७ जून २००४
जा. क्र. खासगी/१

प्रिय प्रसेनजीत,

वरचा जावक क्रमांक बघून हसू नकोस. अधीक्षक झाल्यापासून क्रमांक टाकल्याशिवाय मला पहिली ओळच सुचत नाही. फोन केला असता, पण ऑफिसातल्या फोनला कुलूप आहे आणि किल्ली ट्रस्टच्या सेक्रेटरींच्या कमरेला. तुझं नागपूर पडलं लांब, म्हणून पोस्टाने गाठतोय.

तुला माहीत आहेच, या ट्रस्टच्या शाळेत मी इतकी वर्षं पी.टी.चा मास्तर म्हणून शिट्टी फुंकली. आता ट्रस्टने मला आपल्या निरीक्षणगृहाचा अधीक्षक केलंय. लोक अजून रिमांड होमच म्हणतात. ज्या पोरांच्या हातून काही गुन्हा घडलाय आणि बाल न्याय मंडळात ज्यांचा निकाल व्हायचाय, ती पोरं इथं असतात. आल्या आल्या मी शिस्त लावली. पहाटे शिट्टी, मग जोर-बैठका, मग प्रार्थना. प्रार्थनेनंतर मी ओरडून विचारतो, "आपण कसे आहोत?" आणि सगळी पोरं एका आवाजात ओरडतात, "आनंदी!" जो हळू ओरडतो त्याला पुन्हा ओरडायला लावतो. महिन्याभरात सगळी आनंदी झाली.

आता अडचण. वरून पत्र आलंय की प्रत्येक मुलाची कौटुंबिक पार्श्वभूमी आणि मानसिक आरोग्याच्या गरजा कळवा. पार्श्वभूमीचं मी झटक्यात उरकलं. सगळ्यांचं सारखंच, म्हणून 'घरची परिस्थिती हलाखीची' असा रबरी शिक्काच करून घेतला. मानसिक गरजांपुढे लिहिलं, निरंक. तर तपासणीवाले म्हणतात, याखाली मनाच्या डॉक्टरची सही पाहिजे. लेका, तू मनाचा डॉक्टर आणि हॉस्टेलात आपण एका खोलीत राहिलो. 'सर्व मुले मनाने ठणठणीत आहेत' एवढा दाखला पाठवून दे.

विश्वास बसावा म्हणून एका पोराचं सांगतो. सम्राट नाव, चौदा वर्षांचा, कागलजवळच्या गावचा. यानं बापाच्या डोक्यात खोरं घातलं. बाप वाचला. तेवढं सोडलं तर पोरगं सोन्यासारखं आहे. रडत नाही, काही मागत नाही, ताटात पडेल ते खातो, दिवसेंदिवस तोंडातून शब्द काढत नाही. आणि स्वच्छता! शिट्टीच्या आधी उठून स्वतःचं अंथरूण स्वतः धुतो आणि वाळत घालतो. रोज! मी त्याला सगळ्यांपुढे उभं करतो आणि म्हणतो, बघा रे, याला म्हणायचं आदर्श.

दाखल्यावर शिक्का ठळक उठू दे.

तुझा,
कृष्णात चौगुले


नागपूर
१९ जून २००४

प्रिय कृष्णात,

पोरांचं तोंड न बघता ती ठणठणीत आहेत असं लिहून द्यायला मी अजून तेवढा मोठा डॉक्टर झालेलो नाही. तुझ्याविषयी हवा असेल तर न तपासता एक दाखला देऊ शकतो, पण तो तुला तपासणीवाल्यांना दाखवावासा वाटणार नाही.

आता चेष्टा बाजूला ठेवतो. चौदा वर्षांचं पोरगं रोज पहाटे अंथरूण धुतं, ते स्वच्छतेसाठी नव्हे रे. तो झोपेत अंथरूण ओलं करतो आणि तुम्ही जागे व्हायच्या आत ते लपवतो. आणि तू त्यालाच सगळ्यांपुढे उभं करून त्याच अंथरुणाचं कौतुक करतोस! त्या वेळी त्याच्या जिवाचं काय होत असेल, याचा एकदा तरी विचार कर.

त्यानं बापाला का मारलं, हे तुझ्या पत्रात कुठंच नाही. तुझ्या शिक्क्यातही ते नसणार. त्याला हे प्रश्न नीट, बसून, हळू आवाजात विचारायला हवेत, आणि तुझा हळू आवाज मी ऐकलेला आहे. तो आपल्या हॉस्टेलच्या फाटकापर्यंत जायचा. म्हणून एक सुचवतो. अक्षता नावाची माझी एक विद्यार्थिनी तुमच्याच कोल्हापुरात आहे. समुपदेशनाचं काम करते, हुशार आहे. आठवड्यातून एकदा फुकट यायला तयार आहे. तिला येऊ दे. आणि त्या पोराच्या गादीवर गुपचूप एक प्लास्टिक अंथर, एक जास्तीची चादर दे. कुणाला सांगू नकोस. त्यालाही सांगू नकोस.

तुझा,
प्रसेनजीत


कोल्हापूर
१० जुलै २००४
जा. क्र. खासगी/२

प्रिय प्रसेनजीत,

तुझं पत्र वाचून मी ताबडतोब कामाला लागलो. दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेनंतर मानसिक आरोग्यावर व्याख्यान दिलं. शेवटी खणखणीत आवाजात विचारलं, "ज्यांना ज्यांना मनाचा त्रास हाय, त्यांनी हात वर करा!" एकही हात वर आला नाही. म्हणजे माझं निरंक बरोबर होतं. आता मला शास्त्रीय आधारही मिळाला.

पण तुझा मान ठेवून चादरीचं मी स्वतः केलं, पोरं जेवायला गेली असताना. प्लास्टिक घातलं, वर चादर पसरली, कुणाला बोललो नाही. मला एखादी गोष्ट गाजावाजा न करता करता येते, हे मला या वयात कळलं. दोन दिवसांनी सम्राट माझ्या ऑफिससमोरून जाताना थांबला आणि उगाच माझ्याकडे बघून पुढे गेला. तेवढंच. पण मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

अक्षताबाई येऊ लागल्या. त्यांना बसायला खोली पाहिजे, दार लावून. सेक्रेटरी म्हणाले, दार लावायचं नाही. बाई म्हणाल्या, मग पोरं बोलणार नाहीत. मग ठराव झाला की धान्याच्या कोठीत बसावं, दार अर्धं उघडं ठेवावं आणि बाहेर शिपाई पिराजीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहावं. बाईंनी काय केलं, तर स्वयंपाकीण तानाबाईकडून लसणाची पाटी मागून घेतली. पोरं आणि बाई लसूण सोलत बसतात. सेक्रेटरींनी मला विचारलं, "ह्ये मानसोपचार हाय का लसूण सोलायचं कंत्राट?" तानाबाई मात्र खूश आहे.

पण प्रसेन, त्या लसणावर पोरं बोलतात रे! गाड्यांमधले टेप चोरणारा आमचा गणपती, ज्याला मी पक्का बेरड समजत होतो, त्याला अंधारात एकटं राहायची भीती वाटते. लहानपणी काका त्याला कोंडून ठेवायचा. हे कळल्यावर मला माझा तो शिक्का हातात घ्यायची लाज वाटायला लागली. सेक्रेटरींनी मात्र अजून दोन शिक्के करून आणलेत.

आणि सम्राटचं ऐक. तो शेताला पाणी पाजून घरी आला होता, खोरं हातातच होतं. आत बघतो तर बाप दारू पिऊन आईचा हात चुलीत धरून बसलेला. एवढंच त्यानं बाईंना सांगितलं, लसणावरची नजर न उचलता.

त्याची आई चिमणाबाई भेटायला आली होती. उजवा हात पदरात झाकलेला. बाप आता निपाणीला भावाकडे जाऊन राहिलाय. पंधरा ऑगस्टनंतर मंडळ पोराला आईच्या ताब्यात देईल असं दिसतंय. ती मला काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो: "सायेब, गावाला म्या सांगितलंय, पोरगं इचलकरंजीला मामाकडं शिकाय गेलंय म्हनून. हेडमास्तर चांगला मानूस हाय. म्हनला, गुपचूप आणून बसवा वर्गात. पण गावात कळ्ळं की सपलं बगा. पोरगं परत शाळंचं तोंड बघायचं न्हाय. म्या वळखते त्याला." मी तिला शब्द दिला, माझ्या तोंडून हे कुणाला कळणार नाही.

तुझा,
कृष्णात


नागपूर
२२ जुलै २००४

प्रिय कृष्णात,

हात वर करायला लावल्याचं वाचून मी कपाळावर हात मारला. चादरीचं वाचून तोच हात खाली घेतला. तू अंथरलेली चादर हा तुझ्या निरीक्षणगृहातला आजवरचा सगळ्यात चांगला उपचार आहे, हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

आता तुझ्याकडे काम एकच. काही करू नकोस. पोरगं बोलायला लागलंय, आई वाट बघतेय, मास्तर वर्गात जागा ठेवून बसलाय. सम्राट गुपचूप घरी गेला की बरंच काही आपोआप मार्गी लागेल. त्याचं नाव बाहेर जाऊ देऊ नकोस, कायदाही तेच सांगतो. आणि हात जोडतो, कसलाही कार्यक्रम करू नकोस. मी तुला ओळखतो. हॉस्टेलात मी नुसता पास झालो होतो, तर तू हलगी लावून माझी मिरवणूक काढलीस आणि वाटेत लोक विचारत होते, हा कुठल्या वॉर्डातून निवडून आला. तुमच्या गावात माणसाला सर्दी बरी झाली तरी शाल आणि श्रीफळ मिळतं. या पोराला त्यातून वगळा.

पुढचे काही दिवस मी दौऱ्यावर आहे.

तुझा,
प्रसेनजीत


कोल्हापूर
१६ ऑगस्ट २००४
जा. क्र. खासगी/३

प्रिय प्रसेनजीत,

अजून कानात टाळ्या घुमतायत, म्हणून अक्षर जरा हललंय!

तू कार्यक्रम नको म्हणालास, ते माझ्या पूर्ण लक्षात होतं. पण हा कार्यक्रम नव्हता, स्वातंत्र्यदिन होता. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष पृथ्वीराज सरनोबत या वेळी निवडणुकीला उभे राहतायत. त्यांनी स्वतः विचारलं, "चौगुले, तुमच्याकडं एकादं सुधारल्यालं पोरगं हाय का?" प्रसेन, माझी छाती फुगली. मला वाटलं, ज्याला सगळे गुन्हेगार म्हणाले त्याला एकदा तरी कुणी चारचौघांत चांगलं म्हणावं. पोराचं मन उभारी घेईल. शेवटी तूही मनाचंच बघतोस ना?

मांडव घातला, हलगी लावली. सम्राटला नवा सदरा शिवला. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने त्याला कोल्हापुरी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि 'आदर्श बालक' म्हणून पितळी ढाल दिली. भाषणात म्हणाले, समाजानं अशा मुलांना पोटाशी धरलं पाहिजे. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. सम्राट स्टेजवर थरथरत होता. एवढा मोठा मान कधी मिळाला नव्हता, भरून आलं असणार. अक्षताबाई मधेच उठून निघून गेल्या. त्यांना बरं वाटत नसावं.

आणि आता खरी बातमी. अध्यक्षांच्या कार्यकर्त्यांनी याचे मोठे मोठे डिजिटल बोर्ड लावलेत. वर अध्यक्ष हात जोडून, खाली फेटा बांधलेला सम्राट. एक कोल्हापुरात आमच्या चौकात आणि एक अध्यक्षांचा मतदारसंघ म्हणून कागलच्या स्टँडसमोर. फोटो काढताना सम्राट काही केल्या हसेना. शेवटी स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर आमच्या गणपतीचं हसू काढून त्याला बसवलं. कळून येत नाही.

तू घाबरू नकोस, चिमणाबाईला दिलेला शब्द मी पाळलाय. कार्यकर्ते नाव छापा म्हणत होते, मी ठाम नाही म्हणालो. कायदा म्हणजे कायदा. फोटोखाली मी मोठ्या अक्षरांत छापून घेतलं: 'निरीक्षणगृहातील आदर्श बालक. नाव कायद्याने गुप्त.'

उद्या मंडळ त्याला आईच्या ताब्यात देणार. ढाल बरोबर देतोय, घरी दर्शनी भिंतीला लावायला.

तुझा,
कृष्णात


नागपूर
२१ ऑगस्ट २००४

कृष्णात,

त्याच्या गावात त्याचं नाव कुणाला छापून सांगावं लागतं? तोंडावरून ओळखतात ना सगळे! आणि निरीक्षणगृहातला आहे, हे तर तू स्वतःच खाली लिहून ठेवलंस.

हे पत्र हातात पडेल तिथून ऊठ, कागलला जा आणि तो बोर्ड उतरव. शिडी मिळाली नाही तर फाड. अध्यक्षांची परवानगी मागत बसू नकोस. मी ऑफिसला फोन लावला होता. सेक्रेटरी म्हणाले, अधीक्षक साहेब पाहुण्यांना आभारपत्रं लिहिण्यात गुंतलेत, निरोप देता येणार नाही.

मला तुझा संताप आलाय, आणि तू हे प्रेमापोटी केलंस हे माहीत असल्यामुळे तो जास्तच आलाय.

प्रसेनजीत


कोल्हापूर
१२ सप्टेंबर २००४

प्रिय प्रसेनजीत,

हे पत्र लिहायला मला इतके दिवस लागले. आधी एवढं सांगतो, सम्राट माझ्या घरी आहे. माझी बायको क्रांती त्याला जेवायला वाढते आणि काही विचारत नाही. अक्षताबाई एक दिवसाआड येतात. निरीक्षणगृहात तपासणीवालेही येऊन गेले. पोरांनी 'आनंदी' म्हणून छप्पर हलवलं, आणि आमच्या संस्थेला 'उत्तम' शेरा मिळाला.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी कागलला गेलो, पण तुझ्या पत्राच्या आधी चिमणाबाई पोचली होती. पोरगं घरी आल्याच्या आनंदात ती बाजाराला निघाली होती, त्याला आवडतात म्हणून बोंबील आणायला. परतताना ती घरी गेलीच नाही, थेट माझ्या ऑफिसात आली. बोंबलाची पिशवी हातात तशीच. "सायेब, स्टँडवर उतारले आन् वर बघितलं, तर माझं पोरगं. फेटा बांधल्यालं. हसतंय. ह्ये हसू माझ्या पोराचं न्हवं सायेब. कुनाचं हाय ह्ये?" ती पुढे म्हणाली, "शेजारची धोंडुबाई समद्यांदेखत म्हनली, 'चिमणे, इचलकरंजीचा मामा लई मोटा बोर्ड लावतोय की गं!' तुमी मला शब्द दिल्तासा सायेब. माझ्या पोराला फेटा कशापायी बांधलासा?" तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, पिशवी उचलली आणि गेली.

मी स्टँडसमोरच्या बोर्डावर चढलो. खाली माणसं जमली. अध्यक्षांचे कार्यकर्ते धावत आले, "ओ पावणं, आमच्या नेत्याचा बोर्ड फाडतासा व्हय?" मी म्हणालो, तुमचा नेता तुम्हाला लखलाभ, आणि सम्राटपुरता तुकडा चाकूनं कापून घेतला. अध्यक्ष अजून तिथं हात जोडून उभे आहेत. खाली भोक आहे. ट्रस्टच्या मालमत्तेची नासधूस आणि पक्षविरोधी कृत्य म्हणून सेक्रेटरींनी माझ्याकडे खुलासा मागितलाय. मी कुठल्या पक्षात होतो, हेच मला आधी माहीत नव्हतं.

पण सम्राटचा फोटो उतरेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. सम्राट शाळेत गेला, तर पोरं त्याला 'आदर्श' म्हणून हाका मारायला लागली. बाकावर शेजारी कुणी बसेना. मी हेडमास्तरांना भेटलो. बिचारा खाली मान घालून म्हणाला, "चौगुले सर, मी पालकांना लई समजावलं. त्ये म्हनत्यात, पोरगं आदर्श असंल, पण आमच्या पोरांजवळ नको." सत्काराला टाळ्या वाजवायला यांच्यातलेही काहीजण आले होते. ते मी पाहिलेत.

मग गेल्या आठवड्यात भर दुपारी पिराजी मला बोलवायला आला. गेटबाहेर सम्राट उभा. गावातून चालत आला होता, हायवेच्या कडेकडेनं. पायात चप्पल नव्हती. म्हणाला, "सर, मला आत घ्या."

मी म्हणालो, "अरे, तुला सोडलंय. मंडळाच्या हुकमाशिवाय मला कुणाला आत घेता येत नाही."

"हुकूम कसा मिळतो?"

आणि माझी जीभ, प्रसेन! इतके दिवस नियम घोकून ती तयार झालीय. मी म्हणालो, "गुन्हा घडला तर."

रस्त्यापलीकडे भाड्याने सायकली देणारा आहे, तिकडे त्याने बघितलं. मग मला विचारलं, "बारका चालंल का सर? सायकल बियकल?"

तो चेष्टा करत नव्हता. मी हो म्हणालो असतो तर तो रस्ता ओलांडून गेला असता. मला गेटवरच रडू कोसळलं, पिराजीच्या देखत. मग मी बाहेर आलो आणि त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेलो. हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. उद्या मंडळापुढे काय सांगायचं तेही मला कळत नाही.

तू उत्तर लिहीत बसू नकोस. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बस आणि ये.

कृष्णात